बेसिनवरच्या अकरा बाटल्या

ताई,
माझं वय ३६. कपाळ-नाक तेलकट आणि गाल कोरडे, अशी मिश्र त्वचा. गेली चार-पाच वर्षं एकच रडगाणं आहे. ऋतू बदलायला लागला की चेहरा बिनसतो. मग मी नव्या ऋतूचं रूटीन शोधते आणि सगळा संच नव्याने आणते. या वेळी थंडी पडताच जेल फेसवॉश बाजूला ठेवून क्रीमवाला घेतला, हायल्युरॉनिक ॲसिडचं सीरम सुरू केलं, ग्लायकॉलिक ॲसिडचा टोनर आणला. रात्रीचं रेटिनॉल आधीपासून होतंच. दहा दिवसांत गालांचे पापुद्रे निघायला लागले, म्हणून एक दिवसाआड स्क्रब करतेय. आता साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चुरचुरतं. तरी कपाळ तेलकटच, आणि हनुवटीवर पुटकुळ्या. ऊन कमी झालंय म्हणून सनस्क्रीन बंद केलं, तेवढाच एक थर कमी. काल मोजल्या, बेसिनवर अकरा बाटल्या आहेत. नवरा अंगाच्या साबणाने तोंड धुतो आणि त्याला काही होत नाही! माझं कुठे चुकतंय? आणि आता काय आणू?
– अकरा बाटल्यांची मालकीण

प्रिय मालकीणबाई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. काही आणू नका. अकरापैकी आठ बाटल्या बेसिनवरून उचलून कपाटात ठेवा, दार लावून घ्या आणि मग पुढचं वाचा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, थंडीचा नेहमीचा कोरडेपणा. दुसऱ्यांदा वाचताना दिवसांचा हिशेब मांडला. थंडी पडली, तेव्हाच तीन नव्या गोष्टी चेहऱ्यावर आल्या, दहा दिवसांत पापुद्रे, मग स्क्रब, मग चुरचुर. यात थंडीचा वाटा आहे, पण थोडा. बाकीचं थंडीच्या धास्तीने झालेलं आहे. ऋतू पालटताना माझ्या दवाखान्यात जी गर्दी होते, त्यातले बरेच चेहरे असेच असतात. त्यांना औषध लिहून देण्याआधी मी काय काय बंद करायचं त्याची यादी देते. काहींना ते आवडत नाही. डॉक्टरकडे येऊन रिकाम्या हाताने परत जाणं कुणाला आवडेल?

थंडी नेमकं काय करते ते पाहू. हवा जितकी गार, तितकी तिची पाणी धरायची ताकद कमी. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना १७ ग्रॅम, १० अंशांना साडेनऊच्या आसपास, शून्याला जेमतेम पाच. ही गार हवा घरात येऊन हीटरने तापली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, तहान मात्र वाढते, आणि ती भागवायला तुमचे गाल समोरच असतात. एसीचंही तसंच. एसीच्या नळीतून बाहेर जे पाणी ठिबकत असतं, ते तुमच्या खोलीतल्या हवेतून काढलेलं असतं. भर उन्हाळ्यात रोज आठ तास एसीत बसणाऱ्या बाईची त्वचा दिवसा एका ऋतूत असते आणि संध्याकाळी दुसऱ्या. तिचं रूटीन कॅलेंडर बघून कसं ठरणार?

आता पापुद्र्यांकडे येते, कारण खरी गोम तिथे आहे. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. पेशींचे पंधरा-वीस पदर एकावर एक, आणि तरी सगळी मिळून जाडी कागदापेक्षा कितीतरी कमी. पेशींमधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड अशा स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात. हे लिंपण शाबूत असतं तोवर आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचं नको ते आत शिरत नाही. सगळ्यात वरच्या पेशी तर रोज गळत असतात, पण एकेक करून, म्हणून आपल्याला दिसत नाहीत. पेशींना एकमेकींशी जोडणारे जे टाके असतात, ते उसवायचं काम काही एन्झाइम करतात, आणि त्यांना कामासाठी पाणी लागतं. थर कोरडा पडला की टाके अर्धवटच उसवतात. मग पेशी सुट्या न गळता एकमेकींना चिकटून झुपक्याने निघतात. तुम्हाला आरशात दिसतो तो पापुद्रा म्हणजे हा झुपका.

त्याला मळ किंवा जास्तीची मेलेली कातडी समजून घासायला जाऊ नका. पाणी कमी पडल्याची ती खूण आहे. स्क्रब करताना तुम्ही काय करता? निम्मे टाके अजून घट्ट असलेली पेशी ओढून काढता. खालचा कच्चा थर उघडा पडतो, तिथून पाणी आणखी जोरात उडून जातं, आणि दोन दिवसांनी नवे पापुद्रे तयार. मग पुन्हा स्क्रब. ग्लायकॉलिक ॲसिडही हेच टाके सोडवतं. रेटिनॉल खालून नव्या पेशी भराभर वर पाठवतं. दोन्ही चांगली द्रव्यं आहेत, मी स्वतः रुग्णांना देते. पण तुमच्या गालांचं लिंपण सध्या तिघं जण तीन बाजूंनी खरवडतायत. कालपर्यंत मुकाट लागणारं मॉइश्चरायझर आज झोंबतं ते त्यामुळे. त्या बिचाऱ्या क्रीमचा काही दोष नाही.

मग कपाळ तेलकट कसं? तेल आणि पाणी ही त्वचेची दोन वेगळी खाती आहेत. एकात शिल्लक आहे म्हणून दुसऱ्यातली उधारी फिटत नाही. कपाळ, नाक, हनुवटी इथे तेलग्रंथी दाट असतात, गालांवर विरळ, नडगीवर त्याहून विरळ, ओठांवर जवळजवळ नाहीतच. थंडीत तेल कमी सुटतं, पण थांबत नाही. त्वचा कोरडी पडली की भरपाई म्हणून जास्त तेल सोडते, असं जिथे तिथे सांगतात. त्याला भक्कम आधार नाही, तेव्हा कपाळाची फार चिंता करू नका. हनुवटीच्या पुटकुळ्या पाळीच्या आगेमागे येतात का, हे मात्र दोन-तीन महिने टिपून ठेवा. तुमच्या वयात तसं पुष्कळदा असतं. तसं नसेल तर चिडलेल्या त्वचेचा आणि त्यावर चढवलेल्या थरांचा हात असू शकतो.

नवऱ्याबद्दल विचारलंत म्हणून सांगते. पुरुषांची त्वचा बहुधा जास्त तेलकट असते, त्यामुळे अंगाचा साबण त्यांना काही काळ खपून जातो. साबण अल्कधर्मी, पीएच (आम्ल-अल्कपणा मोजणारा आकडा) ९ ते १०, आणि त्वचेचा पीएच ५च्या आसपास, म्हणजे जोडी काही जमणारी नाही. तरी त्यांचा चेहरा शांत आहे, कारण ते दिवसातून दोनदा त्याला छेडतात आणि तुम्ही सात-आठ वेळा.

पुढचे तीन आठवडे असं करा. सकाळी नुसत्या कोमट पाण्याने तोंड धुवा. टॉवेलने टिपून घ्या, खसाखसा पुसू नका. चेहरा ओलसर असतानाच बिनवासाचं साधं क्रीम लावा आणि वर सनस्क्रीन. रात्री तो नवा क्रीमवाला फेसवॉश वापरा, या खरेदीत तेवढं एक तुम्ही नेमकं केलंत. मग पुन्हा क्रीम, आणि फक्त पापुद्रे आहेत तिथे पेट्रोलियम जेलीचा पुसट थर. संपलं. टोनर, सीरम, रेटिनॉल, स्क्रब, चौघांनाही रजा. पहिले तीन-चार दिवस क्रीम थोडं चुरचुरेल. मिनिटभरात थांबत असेल तर चालू ठेवा. आग होत राहिली, लाली चढली तर धुऊन टाका आणि काही दिवस नुसत्या जेलीवर भागवा.

पेट्रोलियम जेलीचं नाव काढलं की लोकांची तोंडं वाकडी होतात. इतकी स्वस्त, इतकी जुनी, हिच्यात काय असणार! रॉबर्ट चेसब्रो यांनी व्हॅसलीनचं पेटंट घेतलं ते १८७२ साली. तेलविहिरींच्या यंत्रांवर साचणाऱ्या मेणचट राड्यातून त्यांनी ती शोधून काढली होती. त्यानंतर दीडशे वर्षांत कितीतरी महाग क्रीमं आली, पण त्वचेतून उडणारं पाणी अडवण्यात तिच्या जवळपास फिरकणारी फार थोडी आहेत. ती स्वतः पाणी देत नाही, आहे ते झाकून धरते. म्हणून नेहमी ओलसर त्वचेवर किंवा क्रीमवर लावायची. कपाळावर आणि पुटकुळ्यांवर नको, तिथे उगीच चिकट वाटेल.

हायल्युरॉनिक ॲसिडचं काम याच्या उलट आहे, ते पाणी ओढून धरतं. दमट हवेत किंवा ओल्या त्वचेवर लावलं तर छान. कोरड्या खोलीत, कोरड्या गालावर नुसतं तेच लावून सोडून दिलं तर वाळताना ओढल्यासारखं वाटतं. तुमच्या क्रीमच्या डबीमागे पाहा. पहिल्या चार-पाच नावांत ग्लिसरीन असेल तर तेच काम तिथे होतंय. सीरम वाया गेलं असं नाही, पण त्याच्यावाचून अडतही नव्हतं.

तीन आठवड्यांनी पापुद्रे गेलेले असतील आणि काही झोंबत नसेल, तर रेटिनॉल परत आणा. आधी तीन रात्रींतून एकदा, क्रीमच्या थरावर, वाटाण्याएवढं. दोन आठवडे ठीक गेले तर एक रात्र सोडून एक. थंडी संपेपर्यंत तिथेच थांबा, रोजचा हट्ट धरू नका. ग्लायकॉलिकचा टोनर त्यानंतर हवाच वाटला तर आठवड्यातून एकदा, ज्या रात्री रेटिनॉल नाही त्या रात्री. स्क्रब परत आणू नका. तो कुठल्याच ऋतूत तुमच्या गालांचा नव्हता.

आता मूळ प्रश्न, दर ऋतूला काय बदलायचं? माझं उत्तर ऐकून तुमची थोडी निराशा होईल. मॉइश्चरायझरचा दाटपणा आणि रेटिनॉल, ग्लायकॉलिकसारख्या तेज द्रव्यांचे दिवस, एवढंच. फेसवॉश गरज पडली तर. लोशनमध्ये पाणी जास्त, क्रीममध्ये कमी, मलमात जवळजवळ नसतंच. हवा कोरडी होत गेली की या पायरीने एकेक पाऊल वर जायचं, दमट होत गेली की खाली उतरायचं. पुष्कळदा वस्तूही बदलावी लागत नाही. तेच लोशन एकाऐवजी दोनदा लावलं, किंवा धुतल्यावर अर्ध्या तासाने लावत होतात ते दोन-तीन मिनिटांच्या आत लावलं, की भागतं.

पायरी कधी चढायची हे कॅलेंडरपेक्षा तुमची त्वचा नीट सांगते. सुट्टीच्या दिवशी तोंड धुऊन काहीही न लावता अर्धा तास घरात वावरा. गाल ताणल्यासारखे झाले तर एक पायरी वर. लावलेलं दुपारपर्यंत घसरत असेल, चेहरा गुदमरल्यासारखा वाटत असेल तर एक पायरी खाली. नडगीवर नख ओढून बघा. पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर अंगालाही लोशन हवं झालंय. थंडी जाणवण्याआधीच कधी कधी ही रेघ दिसायला लागते.

आणि एका वेळी एकच बदल. त्याला निदान दोन आठवडे द्या. त्वचेच्या पेशीला तळातून निघून वर येऊन गळून जायला महिनाभर तरी लागतो, वय वाढलं की त्याहून जास्त. तीन दिवसांत निकाल मागितला तर चुकीचाच हाती येणार. तुम्ही एका दमात तीन वस्तू बदललीत, मग बिघडवलं कुणी ते तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही फक्त अंदाज बांधावा लागला. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडा-दहा दिवस दोन्ही वेळा लावून बघायची, हे कंटाळवाणं काम मी सगळ्यांना सांगते आणि फारच थोडे करतात.

सनस्क्रीन बंद केलंत, यावर मात्र मी भांडणार आहे. उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी थंडीत कमी होतात ती मुख्यतः यूव्हीबी किरणं, कातडी भाजणारी. यूव्हीए तितकी उतरत नाहीत, ढगांतून आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. त्यात तुम्ही ग्लायकॉलिक ॲसिड लावत होतात, ज्याने त्वचा उन्हाला आणखी हळवी होते. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेवर तर अशी चिडचिड जाताना काळपट डाग ठेवून जाते, आणि ते उन्हाने गडद होतात. पापुद्रे तीन आठवड्यांत जातील, डाग कित्येक महिने रेंगाळतात. उजळपणासाठी टोनर आणायचा आणि सनस्क्रीन बंद करायचं, हे गळक्या बादलीत पाणी भरण्यासारखं झालं.

एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीनवर लिहिलेला संरक्षणाचा आकडा, ३० पुरेसा आहे. ३०चं सनस्क्रीन नीट लावलं तर सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५०चं ९८ टक्के. पण हा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो, आणि आपण बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाही. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही भरून दोन रेघा, एवढं लागतं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. दिवसभर खिडकीपासून लांब घरातच असाल तर पुन्हा पुन्हा लावायचा जाच नको. जागतिक आरोग्य संघटना यूव्ही निर्देशांक (त्या वेळच्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) ३ किंवा वर असेल तेव्हा संरक्षण घ्या म्हणते. हा आकडा फोनवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये बहुधा असतो, एकदा शोधून ठेवा. 'तेवढाच एक थर कमी' हा तुमचा हेतू मला पटतो. त्यासाठी थंडीत क्रीमसारखं दाटसर सनस्क्रीन घ्या, कपाळाला सकाळचं मॉइश्चरायझर म्हणून तेवढंच पुरेल. उन्हाळ्यात जेल किंवा पातळ फ्लुइड. आधीचे डाग असतील तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन बघा, ते दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडवतं.

उन्हाळा आला की तुमची घाई उलट्या बाजूने सुरू होईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. घाम आला म्हणून दिवसातून पाच वेळा फेसवॉश नको. दोनदा पुरे, मधे नुसतं पाणी. मॉइश्चरायझर सोडू नका, हलकं करा. रेटिनॉलची रात्र तेव्हा वाढवता येईल, पण सनस्क्रीनचा नेम असेल तरच. दमट दिवसांत पाठीवर, गळ्याशी दाट क्रीम लावू नका. घामाच्या नळ्यांची तोंडं बंद झाली की घामोळं येतं. कपाळावर आणि छातीवर सारख्या आकाराच्या, खाजऱ्या, बारीक पुटकुळ्या उठल्या तर त्या मुरमंच असतील असं नाही, बुरशीवर्गीय यीस्टमुळेही येतात आणि मुरमांच्या औषधाने हटत नाहीत. जांघेत-काखेत गोल खाजरे चट्टे आले तर नायटा समजून दाखवायला या. दुकानातून मिळणारी, स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. दोन दिवस खाज थांबते, मग चट्टा पसरतो आणि ओळखूही येईनासा होतो. चेहऱ्यावर तर असली मलमं अजिबात नकोत, कुठलाही ऋतू असो.

राहिली आंघोळ. थंडीत हातपाय उलतात त्यात हवेइतकाच कढत पाण्याचा दोष असतो. ते लिंपणातलं स्निग्ध धुऊन काढतं. कोमट पाणी, दहा मिनिटांच्या आत, साबण फक्त काखा-जांघा-पावलांना, आणि अंग ओलसर असतानाच लोशन. माझे रुग्ण क्रीम बदलतात, फेसवॉश बदलतात, आंघोळीचं पाणी बदलत नाहीत. मलाही थंडीत ते रोज साधतं असं नाही, तेव्हा जास्त बोलत नाही. टाचांना युरिया असलेलं क्रीम लावा. ओठांना जेली, आणि जिभेने ओले करायची सवय असेल तर ती सोडा.

तीन आठवड्यांत फरक पडला नाही, गालातून लस वाहू लागली, पापण्या सुजल्या, किंवा खाजेने रात्री झोप मोडायला लागली तर पत्र लिहू नका, डॉक्टरांना दाखवा. पुरळ काहीच नाही आणि सगळ्या अंगाला महिनोन् महिने खाज, असं कुणाला असेल तर त्याचं मूळ थायरॉइड, मूत्रपिंड किंवा यकृतातही असू शकतं, तिथे रक्ततपासणी लागते.

कपाटातल्या आठ बाटल्यांचं काय? प्रत्येकीच्या मागे उघड्या डबीचं चित्र असेल, त्यात ६ किंवा १२ असा आकडा. उघडल्यापासून तितके महिने ती चांगली. कधी उघडली ते आठवत नसेल, रंग तपकिरी झाला असेल किंवा वास बदलला असेल तर टाकून द्या. जेल फेसवॉश जपून ठेवा, उन्हाळ्यात लागेल. त्यावर उघडल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. स्क्रब नवऱ्याला देऊ नका, त्यांच्या साबणावर त्याची भर नको.